नीळ

परत येऊन नऊ दिवस झाले,
बॅग अजून दाराआड उभी,
चाकांत तिथली पांढरी माती.
शेजारची सुलक्षा विचारते, काय काय पाहिलंत?
मी म्हणते, पाणी.
एवढंच?
एवढंच. सोळा तळी, एकातून दुसऱ्यात सांडणारी,
आणि फळ्यांची लांबच लांब वाट,
जिच्यावर बसून पाय सोडायला मनाई.

क्रोएशिया आमच्या दाभाळात कुणाच्या स्वप्नातही नव्हता.
लिस्बनहून दीपाक्षीने तिकिटं पाठवली,
लग्नाची तीस वर्षं म्हणून.
पणजीत व्हिसाचा फोटो चारदा काढावा लागला,
यांचे डोळे मिटत होते.
मी लेकीचा जुना कोट घेतला
आणि डबीत सोलं,
कोण जाणे, कुठे पोट बिघडेल.

पहिलं तळं दिसलं तसे हे थांबले.
मागे माणसं खोळंबली, फळ्या करकरल्या.
मला वाटलं, छातीत दुखतंय.
हे म्हणाले, "कुंदा,
हा तर आपल्या खड्ड्याचा रंग."

खड्ड्याचा.
खाण बंद पडली, पंप थांबले
आणि दोन पावसाळ्यांत जे पाणी साठलं, त्याचा.
पांढऱ्या धोतराला हात सैल सुटून
जास्त पडलेल्या निळीसारखा.
त्या खड्ड्यातली माती यांनीच वाहिली,
एकोणीस वर्षं, स्वतःच्या ट्रकने,
कापशेच्या धक्क्यापर्यंत, दिवसाला सात खेपा.
मग ट्रक परसात उभा राहिला.
टपावर दुधीचा वेल चढला.
दुधी मात्र चांगले लागले, खोटं कशाला बोलू.
हे दिवसभर खुर्चीत,
आणि घरात बोलणारा फक्त कुकर.

गाइड सांगत होता,
इथलं पाणी दगड झिजवत नाही, घडवतं.
शेवाळ, पानं, काटक्या, जे सापडेल त्याला धरून
वर्षाला नखाएवढा दगड.
यांनी आपलं नख पाहिलं.

मोठ्या धबधब्यापाशी आवाज असा
की शेजारची मुलगी हसताना नुसती दिसत होती.
तिथे मी पाण्याकडे तोंड करून
मोठ्याने बोलले,
त्या वर्षी मी निघाले होते.
पिशवी भरली होती.
तिठ्यापर्यंत गेले, बस आली नाही, म्हणून परतले.
हे मान डोलावत होते.
धबधब्यापुढे सगळेच मान डोलावतात.

काल संध्याकाळी म्हणाले, चल, जरा जाऊन येऊ.
स्कूटर खाणीच्या रस्त्याला लागली.
कुंपण मोडलेलं, 'धोका'मधला काना गंजून गेलेला,
कडेला कुणाच्या तरी म्हशी.
खाली तोच रंग. खरंच तोच.
फक्त फळ्या नाहीत, तिकीट नाही,
आणि पलीकडच्या ढिगाऱ्यावरून
एक तांबडी धार
त्या निळ्यात उतरत होती, आवाज न करता.

बराच वेळ हे काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, "बस आली होती.
तू हात केला नाहीस.
मी वडाच्या पलीकडे उभा होतो."

मी म्हटलं, तिथे एवढा आवाज होता.
"होता. पण मराठीत
दुसरं कोण बोलत होतं?"

मला ती बस आठवेना.
चिखलाने माखलेला तिठा आठवला, पिशवीचा बंद आठवला,
हात आठवला, पण तो खाली होता की वर, ते नाही.
म्हशी उठल्या. खालचा रंग हळूहळू विझत गेला,
आधी कडांनी.

स्कूटर चालू होईना.
चढावर हे हँडल धरून पुढे,
मी मागून ढकलत.
"अगं, एवढ्या जोराने नको," हे म्हणाले,
आणि मी ढकलतच राहिले.